चालकाशी बोलू नये

एस.टी.त चालकाच्या पाठीमागे 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये' अशी पाटी असते आणि ती मला नेहमीच रास्त वाटत आली आहे. सोलापुरात अक्कलकोटच्या गाडीत बसावे, कुंभारीला उतरावे. मधल्या वेळात चालकाला काही शिकवण्याइतकी अक्कल बी.कॉम. होऊनही मला आलेली नाही. पण समजा, गाडी माझी, डिझेल माझे आणि चालक मात्र कंपनीचा. तो काय करतो ते विचारायचे नाही. एक दिवस तो 'उद्यापासून येणार नाही' म्हणून उतरून गेला, तर मी गाडीत बसून काय हवा खाऊ?

संगणकात नेमके असेच चालते. तिथेही त्याला ड्रायव्हरच म्हणतात.

वायफाय, प्रिंटर, पडद्यावरची चित्रे, प्रत्येकाला हाकायला एकेक छोटा प्रोग्राम लागतो, तो ड्रायव्हर. लिनस टोरवाल्डस या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली लिनक्स म्हणजे उघडी खातेवही. कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. पण यंत्रे बनवणाऱ्या काही कंपन्या आपला ड्रायव्हर लाखेने मोहोरबंद केलेल्या पाकिटात देतात. वापरा, पण उघडू नका! आता उघड्या वहीत असले पाकीट चिकटवावे की नाही?

या भांडणाचे मूळ एका प्रिंटरमध्ये आहे, हे ऐकून हापिसात काम केलेल्या कोणालाही नवल वाटणार नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सर्वांना कळावे, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरला केली होती. नव्याला करायची तर प्रोग्रामच मिळेना. ज्याच्याकडे होता तो म्हणाला, "कुणाला देणार नाही असं लिहून दिलंय." आपण शिपायावर ओरडलो असतो. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा झेंडा लावला आणि पुढच्या वर्षी चक्क नोकरी सोडली. आमच्याकडे तत्त्वासाठी लोक फार तर अर्धी रजा टाकतात.

स्टॉलमन यांचे सोवळे कडक. मोहोरबंद ड्रायव्हर घरात नकोच. टोरवाल्डस चालवून घेतात. मात्र २०१२ साली एन्व्हिडिया कंपनीवर ते भर व्याख्यानात इतके चिडले की त्यांनी कॅमेऱ्याला एक बोट दाखवले. कोणते, ते इथे छापता येत नाही. २०२२ मध्ये त्या कंपनीने ड्रायव्हरचा काही भाग उघडा केला. बोटाचा परिणाम म्हणावा, तर दहा वर्षे लागली.

आता कुंभारी. इथे विडी कामगार बायकांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे मिळाली. घर आपले, किल्ली आपली, याची किंमत या बायकांना कुणी समजावून सांगायला नको. तिथल्या एका मुलीने जुना लॅपटॉप घेतला. विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, म्हणून त्यावर लिनक्स घातले. सगळे चालू झाले आणि वायफाय तेवढे रुसले. त्याचा ड्रायव्हर मोहोरबंद!

"काका, वायफाय येईना की. परवा ऑनलाइन टेस्ट हाय."

आमच्या ओळखीचे एक तरुण इंजिनियर म्हणाले, "तडजोड करू नका. तत्त्वाचा प्रश्न आहे." बाणेदार उत्तर! पण तत्त्व यांचे आणि वर्ष बुडणार हिचे. हिची आई हजार विड्या वळते तेव्हा एका हजाराची मजुरी हातात पडते. तत्त्वाचा खर्च दुसऱ्याच्या नावे टाकणे आमच्या हिशेबात बसत नाही. मी पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर चढवला. वायफाय आले.

"चालतंय ना? मग झालं," असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. तेही मला पटत नाही. उसने घेणे हे पाप नव्हे. उसने घेतलेले स्वतःची मिळकत म्हणून लिहिणे हे पाप. लिनक्सवाले या बाबतीत बँकेपेक्षा कडक आहेत. मोहोरबंद ड्रायव्हर चढला की लिनक्सचा गाभा स्वतःवरच 'कलंकित' असा शेरा मारतो. काम थांबत नाही, पण संगणक पुन्हा सुरू करीपर्यंत शेरा पुसला जात नाही, आणि बिघाडाची तक्रार नेली, तर शेरा पाहून कारागीर बहुधा म्हणतात, "कंपनीला विचारा." डेबियनच्या मंडळींनी तर २०२२ मध्ये रीतसर मतदान घेऊन यंत्रांना लागणारा असला बंद माल आपल्या अधिकृत संचात घेतला, पण वेगळ्या खात्यात! माणसे आपल्या तडजोडी कपाटामागे सरकवतात. यांनी तडजोडीला खातेक्रमांक दिला.

मुलीला एवढेच सांगितले, की हा ड्रायव्हर आपला नाही, कंपनीचे मन आहे तोवर आहे. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. चार पैसे साठले, की ज्याचा ड्रायव्हर उघडा आहे असा वायफायचा डोंगल घ्यायचा, हेही त्याखाली लिहिले. बँकेत याला तरतूद म्हणतात. मोठमोठ्या कर्जदारांना ती करायला सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. हिने न सांगता केली.