दिवाणजींचा पासवर्ड

पांढरकवड्याच्या एका कापूस जिनिंगमध्ये दिवाणजींचा शब्द शेवटचा असे. तीस वर्षांत त्यांच्या हिशेबात रुपयाचा फरक निघाला नव्हता. काटा, आवक, शेतकऱ्यांची खाती कॉम्प्युटरवर गेली, तेव्हा लॉगिनही त्यांच्याच नावाचं झालं. पासवर्ड कुलदैवताचा, चिठ्ठी स्क्रीनच्या कडेला चिकटवलेली. काटेवाला, ग्रेडर, रात्रपाळीची पोरं, ज्याला गरज पडे तो उघडे.

नव्याने लागलेली ऑपरेटर म्हणाली, "काकाजी, प्रत्येकाला वेगळं लॉगिन देऊ."

दिवाणजी दुखावले. "पोरी, घरच्या माणसांवर असा अविश्वास करतं का कोणी?" विषय तिथेच संपला.

२०२५च्या डिसेंबरात पाटणबोरीकडचा एक शेतकरी काटापट्टी घेऊन आला. "शेठजी, काट्यावर अठरा क्विंटल भरला, अन् खात्यात सोळाच काहून?"

पट्टी खरी होती. लांब धाग्याच्या कापसाचा तेव्हाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये धरला, तर १६,२२० रुपयांचा फटका! मालक शेठजींनी फरक तिथल्या तिथे चुकता केला आणि नोंद उघडली. वजन आदल्या रात्री पावणेदहाला बदललेलं होतं. बदलणाऱ्याचं नाव होतं दिवाणजींचं.

"मी साडेसातलाच घरी गेलो होतो," दिवाणजी म्हणाले. गेले होतेच, पण रात्री घरून लॉगिन केलं नाही, हे दाखवणार कसं? ती चिठ्ठी किती जणांनी वाचली असेल, दिवाळीत काम सोडून गेलेल्या किती जणांच्या ध्यानात तो पासवर्ड असेल, कोणालाच सांगता येईना. शेठजी काही बोलले नाहीत. फक्त त्या संध्याकाळी तिजोरीची किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली. दिवाणजी त्या रात्री जेवले नाहीत.

त्याच दिवसांत आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनीची बातमी गाजत होती. दीड हजारांच्या आसपास वस्ती, आणि गावाच्या लॉगिनवरून तीन महिन्यांत २७ हजारांहून जास्त जन्मनोंदी! ऑपरेटरने पेपर दिवाणजींपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग उठून स्क्रीनवरची चिठ्ठी फाडली. "पोरी, मला माह्या एकट्याचं लॉगिन दे."

आठवडाभरात व्यवस्था बदलली. प्रत्येकाचं नाव वेगळं, ओटीपी ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर. काटेवाल्याला वजन नोंदवता येई, बदलता येत नसे. दुरुस्ती दिवाणजींनी मांडायची, मंजुरी शेठजींनी द्यायची. दोघांची नावं, वेळ आणि कारण नोंदीत कायम. काम सोडणाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद.

पुढे हंगाम संपता संपता पुन्हा एका गाडीचं वजन जुळेना. नोंद उघडली, तर रिकाम्या गाडीचा आकडा चुकला होता; नाव आणि वेळ समोर होती. काटेवाला लगेच म्हणाला, "माह्याच हातून झालं." पाच मिनिटांत दुरुस्ती झाली. कोणी कोणाकडे संशयाने पाहिलं नाही. शेठजींनी खिशातून किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत दिवाणजींच्या हाती दिली.

तात्पर्य : सगळ्यांचा पासवर्ड एक असला, तर चोराला आडोसा मिळतो आणि इमानदार माणसाला साक्षीदार उरत नाही. ज्याची ओळख त्याच्यापाशी, आणि कामापुरताच प्रवेश, ही व्यवस्था प्रामाणिक माणसाची अब्रू राखते.