लेकरांच्या पावलाने

शास्त्रभाग: उत्पत्ति ३३:१२-१४, मार्क ९:१४-२७



याकोब आपल्या स्त्रिया, मुले व कळप घेऊन वीस वर्षांनी मायदेशी परत येत असता वाटेत त्यास एसाव भेटला, ही कथा आपणांस ठाऊक आहे. दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. मग एसावाने, जो चारशे माणसे घेऊन आला होता, असे सुचविले की, आता पुढची वाट बरोबरच चालू. याकोबाने ते मानले नाही. त्याने भावास विनविले की, आपण पुढे व्हावे. माझी मुले लहान आहेत, कळपात पाजत्या मेंढ्या व गाई आहेत, एक दिवस जरी त्यांस दामटले तरी जनावरे दगावतील. यास्तव मी आपला त्यांच्या व लेकरांच्या पावलाने मागून येतो.

याकोबाच्या मनात आणखीही काही होते, हे मी नाकारीत नाही. तो पुढे सेईरास गेलाच नाही; सुक्कोथास जाऊन त्याने घर बांधले. भावाची भीती त्याच्या मनातून पुरती गेली नव्हती, असे दिसते. तथापि सबब म्हणून बोललेला शब्दही कधी कधी खरा असतो, आणि हा शब्द खरा होता. चारशे गड्यांची चाल वेगळी आणि अंगावर पिणाऱ्या लेकरांची चाल वेगळी.

हा भाग मी आज का घेतला ते सांगतो. मागील पावसाळ्यात एका वाडीत उपासना आटोपल्यावर एक तरुण बहीण मूल कडेवर घेऊन मागे थांबली. ती म्हणाली, "पाळकसाहेब, याच्यासाठी प्रार्थना करा. तेरावा महिना सरला, अजून पाऊल टाकीत नाही. धाकट्या जावेचा मुलगा याच्याहून महिन्याने लहान, तो अंगणभर फिरतो. सासूबाई म्हणतात, तू याला खाली सोडीतच नाहीस. आणि पुण्याच्या नणंदेने आपल्या मुलीच्या चालण्याचे चित्र मोबाइलवर पाठविले, तेव्हापासून मला झोप नाही."

मूल माझ्याकडे टकमक पाहत होते. मी चष्म्याची डबी पुढे केली. त्याने ती ओढून घेतली, उघडण्याची खटपट केली, मग आईच्या कडेवरून उतरून बाक धरून उभे राहिले, आणि बाकाच्या कडेकडेने चारपाच पावले सरकत जाऊन डबी आजीच्या हाती दिली. मी म्हणालो, "बाई, हे तर चालतच आहे." ती म्हणाली, "धरून चालणे हे काय चालणे झाले?"

आईबापांनो, ही चिंता मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या वाड्यांतून लग्नात भेटा, बाजारात भेटा, विहिरीवर भेटा, तान्हे मूल पाहिले की पहिला प्रश्न, बसतो का? दुसरा, दात आले का? तिसरा, आमचा तर याच्या वयात धावत होता. विचारणारीस वाटते की आपण माया दाखविली. ऐकणारी घरी जाऊन मुलाचे पाय चोळीत बसते. आणि सांगावयास लाज वाटते, पण असली तुलना उपासनेच्या चटईवर बसूनही चालते, कधी कधी उपदेश चालू असता.

देवाने लेकरांस एका साच्यात घातले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या ५ देशांतील निरोगी, नीट पोसलेल्या बालकांची वाढ वर्षानुवर्षे पाहून २००६ साली तिचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की, आधाराविना बसणे कोणास ४ महिने भरण्याच्या आतच साधते, तर कोणास ९ महिने उलटल्यावर. एकट्याने चालणे कोणी ८ महिने होताच आरंभितो, तर कोणी साडेसतरा महिन्यांनी. हे दोघेही निरोगीच. शंभरांतील सुमारे चार बालके तर हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत; बसल्या जागेवरून सरकली, उभी राहिली आणि चालू लागली. जे मूल दिवस पुरे होण्याआधी जन्मले, त्याचे वय तर जन्मदिवसापासून न मोजता ज्या दिवशी ते जन्मावयाचे होते त्या दिवसापासून, निदान दोन वर्षांचे होईपर्यंत, मोजावे. दोन महिने आधी आलेल्या लेकराकडून दोन महिन्यांचे काम आधी मागणे हा अन्याय होय.

मी त्या बहिणीस एवढेच सांगितले, आणि पांगुळगाड्याविषयी तिने विचारले म्हणून तेही सांगितले. उभ्या राहू लागलेल्या मुलाने सुताराने केलेला पांगुळगाडा आईच्या नजरेसमोर ढकलावा, यात वावगे काही नाही. परंतु बाजारात चाकांची जी बैठक मिळते, जीत मुलास बसवून सोडून देतात, तिने चालणे लवकर येत नाही. उलट मूल उंबऱ्यावरून वा चुलीवर जाऊन आदळते. कॅनडा देशाने २००४ साली तिची विक्रीच बंद केली. तो मुलगा पंधराव्या महिन्यात चालू लागला. आता त्यास धरून ठेवावे लागते.

परंतु येथेच थांबलो तर मी अर्धेच सत्य सांगितले असे होईल, आणि अर्ध्या सत्याने मी एकदा एका घराचे नुकसान केले आहे.

सुमारे नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या एका गावी एका बंधूच्या घरी दीड वर्षाची मुलगी होती. चालण्यात चपळ, हसरी. आई म्हणाली, "पाळकसाहेब, ही हाक मारली तरी वळत नाही. परवा पाठीमागे परात पडली तरी दचकली नाही. अजून आई म्हणत नाही." मी त्या वेळी मोठ्या खात्रीने बोललो. जखऱ्याची जीभ देवाने नेमल्या वेळी मोकळी केली, असे सांगितले. धीर धरा, काही मुले उशिरा बोलतात, असेही सांगितले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, चहा घेतला आणि पुढच्या गावी गेलो. एक वर्ष लोटले. अंगणवाडीच्या सेविकेने मुलीस तपासणीच्या डॉक्टरांपुढे नेले, त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले, आणि तेथे कळले की तिला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. जन्मतः न ऐकणाऱ्या बालकास पहिल्या सहा महिन्यांत मदत मिळाली तर भाषा येणे पुष्कळ सोपे जाते. ही मुलगी तेव्हा अडीच वर्षांची झाली होती. मी भेटीस गेलो तेव्हा तो बंधू रागावला नाही. तो इतकेच म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही धीर धरा म्हणालात. आम्ही धरला."

त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या वाडवडिलांची अशी समजूत होती की, जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन बालकाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, आणि ते कोणास पुसता येत नाही. आपण तिची पूजा सोडली. परंतु तिची लेखणी अद्याप आपल्या घरांतून चालत आहे; आपण तिला फक्त दुसरे नाव दिले आहे. नशिबात असेल ते होईल, असे न म्हणता आपण देवाची मर्जी असे म्हणतो, आणि हात बांधून बसतो. मी त्या घरी जे बोललो ते शास्त्रातील शब्दांनी बोललो, परंतु तो विश्वास नव्हता. तो सटवाईचाच धर्म होता.

मार्काच्या नवव्या अध्यायातील बाप पाहा. त्याचा मुलगा लहानपणापासून आजारी, मुका, कधी विस्तवात पडे, कधी पाण्यात. बापाने त्यास घरात लपविले नाही. त्याने त्यास शिष्यांकडे आणले. शिष्यांच्याने काही झाले नाही. (उपदेशक बंधूंनो, आपले स्थान तेथे आहे.) तरी तो घरी परतला नाही, प्रभूकडे गेला. आणि प्रभु येशूने पहिल्याने काय केले? बापास विचारले की, हे यास केव्हापासून होते. जो सर्व जाणतो त्याने बापाचे म्हणणे ऐकून घेतले. मी त्या आईचे म्हणणे ऐकलेच नव्हते. तिचे वाक्य पुरे होण्याआधी माझे उत्तर तयार होते. त्या बापाचा विश्वास तोकडा होता, हे त्याने स्वतःच रडत कबूल केले. प्रभूने त्याबद्दल त्यास परत पाठविले नाही.

पुन्हा याकोबाकडे येऊ. कळपाच्या पावलाने चालणे म्हणजे डोळे मिटून चालणे नव्हे. आपल्या माळावरून धनगर जातात ते आपण पाहतो. जो मेंढका हळू चालतो तोच मागे वळून पाहतो. कोणते कोकरू दमले, कोणते लंगडते, हे त्यासच ठाऊक असते, आणि लंगडणाऱ्यास तो काखेत घेतो. घाईने हाकणाऱ्यास लंगडे कोकरू दिसत नाही, आणि झाडाखाली झोपलेल्यासही दिसत नाही. शेजारणीच्या मुलाकडे पाहून आपले मूल मोजणारी आई, आणि होईल आपोआप म्हणून न मोजणारी आई, दोघींचीही नजर आपल्या लेकरावर नसते.

यास्तव काय पाहावे ते साध्या शब्दांत सांगतो; उपदेशकांनी हे आपल्या मंडळीस वाचून दाखवावे. चार महिने उलटूनही मूल मान धरीत नसेल, दहाव्या महिन्यात बसत नसेल, दीड वर्षाचे होऊन चालत नसेल. आवाजास दचकत किंवा वळत नसेल. आईच्या तोंडाकडे पाहून हसत नसेल. वर्षाचे झाले तरी बा-बा, दा-दा असे बोबडे बोल काढीत नसेल, दीड वर्षात एकही शब्द नसेल. अंग लाकडासारखे ताठ किंवा कापडासारखे सैल लागत असेल. वर्षाच्या आत एकाच हाताने सर्व घेत असेल, तर दाखवावयास न्यावे. आणि जे येत होते तेच जर मूल विसरू लागले, तर एक आठवडाही थांबू नये. यांतील एखादी गोष्ट दिसली म्हणजे मोठा दोष आहेच असे नव्हे. पुष्कळदा काहीच निघत नाही. पण तसे तपासणाऱ्याने सांगावे, पाळकाने नव्हे.

अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर यांतील बहुतेक गोष्टी चित्रांसह छापल्या आहेत. ते कार्ड पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवण्यासाठी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून चालू आहे. त्याच्या योजनेप्रमाणे डॉक्टरांचे पथक वर्षातून दोन वेळा अंगणवाडीत येते. जन्मतः असलेले व्यंग, उणीव, आजार व वाढीतील उशीर यांची तपासणी होते, आणि पुढील उपचारही फुकट असतात. पथक केव्हा येणार हे सेविकेस विचारून उपासनेच्या वेळी जाहीर करणे, हे उपदेशकाचे काम आहे असे मी समजतो. डाग देणारा मात्र कोणत्याही दिवशी मिळतो आणि लगेच मिळतो. तापल्या विळ्याने पोटावर दिलेल्या डागाने आजवर कोणाचे पाय सरळ झाले नाहीत. जखम तेवढी झाली.

आणखी एक गोष्ट, सासवांसाठी व शेजारणींसाठी. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे. प्रभूने दोन्ही नाकारले. आपण अजून विचारीतच आहो: ग्रहणात हिने भाजी चिरली होती काय? पोटुशी असता हिने काय पाहिले? ज्या घरात सून उत्तरे देऊन थकते, त्या घरात मूल दवाखान्यात उशिरा जाते, कारण तपासणीस नेणे म्हणजे दोष कबूल करणे असे तिला वाटू लागते.

आणि काही लेकरे कधीच चालणार नाहीत. मफीबोशेथ पाच वर्षांचा असता दाईच्या हातून पडला, आणि जन्मभर दोन्ही पायांनी पांगळा राहिला. दावीदाने त्यास बरे केले नाही. तसे त्याच्या हाती नव्हते. त्याने त्यास आपल्या पंक्तीस बसविले, नित्य, राजपुत्रांच्या बरोबरीने. तो पांगळाच होता, हे शास्त्र त्या अध्यायाच्या शेवटी पुन्हा सांगते. बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी सगळी मंडळी उभी राहून त्याच्या संगोपनात साह्य करण्याचे वचन देते. जे मूल चालत नाही, त्यास रविवारी कोण उचलून आणतो? आईची कंबर किती वर्षे पुरेल?

ज्या मुलीविषयी मी वर लिहिले, ती आता अकराव्या वर्षात आहे. दोन्ही कानांस यंत्रे आहेत. बोलणे तिला उशिरा आले व सगळ्यांस ते नीट कळत नाही, परंतु तिच्या आईस कळते आणि रविवारच्या शाळेतील मुलांस कळते. ती पहिल्या बाकावर बसते, कारण तिला माझे ओठ दिसले पाहिजेत. मी मान खाली घालून वहीतून वाचू लागलो की ती हात वर करते, आणि मला थांबावे लागते.