चिंता टिकते कशावर?

तीव्र चिंतेनं वर्षानुवर्षं ग्रासलेल्या माणसाला घरचे एकच प्रश्न विचारत राहतात, ‘पण तुला झालंय तरी काय?’ त्याला उत्तर सुचत नाही आणि मग भूतकाळ उकरणं सुरू होतं : धाकात गेलेलं बालपण, वडिलांचा अकाली मृत्यू, घराण्यात चालत आलेला घाबरट स्वभाव. ही कारणं खोटी नसतात. आनुवंशिकतेचा वाटा असतो, लहानपणीच्या आघातांचाही असतो. पण चिंता सुरू कशानं झाली आणि ती टिकली कशानं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याकडे आपण फारच कमी लक्ष देतो.

डोंबिवलीहून फास्ट लोकलनं कामाला जाणारा तिशीतला कुणीही घ्या. कळव्याच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबते. छाती धडधडते, तळवे गार पडतात, बोटांना मुंग्या येतात. हार्ट अटॅकच आला, या धास्तीनं धडधड आणखी वाढते. ठाण्याला तो उतरतो आणि बाकड्यावर बसल्या बसल्या त्याला बरं वाटू लागतं. घात होतो तो इथेच. ‘उतरलो म्हणून वाचलो’ एवढंच मनात ठसतं. न उतरताही धडधड ओसरली असती, हे अनुभवायची संधी जाते. दुसऱ्या दिवसापासून स्लो लोकल, मग फक्त दाराजवळची जागा, मग बस, मग ‘आज घरूनच काम करतो’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ओ. होबार्ट मावरर यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं, की भीती जडते एका वाटेनं, आणि ती टिकते टाळण्यातून मिळणाऱ्या सुटकेमुळे.

टाळणं दर वेळी दिसतंच असं नाही. घटकेघटकेला नाडी बघणं, रात्री दोन वाजता मोबाइलवर लक्षणं शोधणं, खिशात अल्प्राझोलम या चिंताशामक गोळीची पट्टी असल्याशिवाय उंबरठा न ओलांडणं हेही टाळणंच. त्या गोळीनं पटकन आराम पडतो, पण काही आठवडे रोज घेतली की शरीराला तिची सवय लागू शकते. मग ती एकदम बंद केली की चिंता उसळते आणि माणसाला वाटतं, आजारच उलटला. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच सोडायची असते.

माया करणारे घरचेही नकळत याच चक्रात ओढले जातात. आई दर तासाला फोन करते, ‘पोचलास ना रे?’ बायको बँकेची कामं स्वतःच्या अंगावर घेते. त्यांना दोष देणं क्रूरपणाचं होईल. तळमळणारं माणूस समोर असताना दुसरं काय सुचणार? पण रोज दिलेला धीर रोज पुरेनासा होतो. आणि ‘फार विचार करतोस तू’ म्हणणारे नातेवाईक भीतीत लाजेची भर घालतात, तेव्हा माणूस बोलायचाच थांबतो.

तरीही सगळं टाळण्याच्या माथी मारता येत नाही. थायरॉइड वाढलेलं असलं, झोप मोडलेली असली, दारू सुरू असली तरी चिंता हटत नाही. जिचा नवरा हात उगारतो, ज्याच्या दारात सावकार उभा आहे, त्यांची भीती खरीच आहे. त्यांना नुसतं ‘विचार बदला’ सांगणं हा अन्याय आहे.

बाकीच्यांसाठी वाट आहे. टाळलेल्या गोष्टीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायला शिकवणारी मानसोपचार पद्धत आहे, गरजेनुसार सवय न लावणारी औषधं आहेत. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. लोकलमधला तो माणूस उपचार घेतो, पण हृदयाचे. ईसीजी होतो, टूडी इको होतो, आणि डॉक्टर हसून म्हणतात, ‘काही झालेलं नाही तुम्हाला.’ हे वाक्य चूक आहे. पहिला नॉर्मल ईसीजी हातात असतानाच त्याला सांगायला हवं, की हृदय ठीक आहे, हा पॅनिक अटॅक असू शकतो, आणि त्यावर इलाज आहे. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यायला हवा.