पंचशील आणि जातमुचलका

गोंदियाच्या कोर्टात विधी सेवेच्या पॅनेलवर असल्यामुळे माझ्याकडे अट मोडून परत आलेलेच अशील जास्त. दर रविवारी ठाण्यात हजेरी लावायची, ती चुकली, वॉरंट निघालं, पुन्हा आत.

सध्याचा पोरगा पंचविशीचा आहे. गाडीत डबे झाडता झाडता गांजा लागला, मग गोळ्या, मग प्रवाशांचे मोबाइल, शेवटी शेजाऱ्याची धानाची पोती. सरकारी वकील म्हणतात, सराईत आहे, जास्तीत जास्त शिक्षा द्या. आणि त्याची आई व्हरांड्यात मला म्हणते, "वकीलसायेब, याले सोडवू नका. तिथं दोन टाइम जेवते तरी."

आपल्या कथा एकदाच बदलणाऱ्या माणसाच्या. अंगुलीमाल भिक्खू झाला आणि त्यानं पुन्हा शस्त्र धरलं नाही. त्याला पकडायला निघालेल्या प्रसेनजित राजालाही मग काही करायचं उरलं नाही. अशा माणसाला माफ करायला फार मोठं मन लागत नाही. दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्याचं काय करायचं?

विनयपिटकातली सागत थेरांची हकीगत मला जास्त उपयोगाची वाटते. नागाला नमवणारा हा भिक्खू. कोसंबीच्या उपासकांनी कौतुकानं घरोघरी दारू पाजली, तर गडी वेशीतच आडवा झाला. उचलून आणला, तर झोपेत बुद्धाकडेच पाय! तेव्हा मद्यपानाविरुद्ध नियम झाला. पण तो मोडला तर दुसऱ्या भिक्खूपुढे कबुली द्यायची, बस. संघातून कायमचं बाहेर काढणारे अपराध चारच, आणि त्यांत चोरी आहे, दारू नाही.

आमच्या वस्तीत लग्न असो की पुण्यानुमोदन, पंचशील म्हटलं जातंच. आदल्या रात्री मोहाची घेतलेलाही हात जोडून नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील घेतो. लोक याला ढोंग म्हणतात. मला त्यात शहाणपण दिसतं, कारण माणूस घसरणार हे धरूनच शील पुन्हा पुन्हा घ्यायला लावलंय. जातमुचलक्यावर मात्र सही एकदाच.

कायदाही इतका कोरडा नाही. 1958च्या परिविक्षा कायद्यात अट पहिल्यांदा मोडणाऱ्याचा मुचलका चालू ठेवून फक्त 50 रुपयांपर्यंत दंड करता येतो. 1985च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम 39 थोडक्या मालात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची तयारी असेल तर, तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू देतं. गांजात 'थोडका' म्हणजे एक किलोपर्यंत. पण पोती उचलल्याच्या खटल्यात हे कलम कामाचं नाही, आणि माझे बहुतेक अशील चोरीतच सापडतात.

नशेपायीच चोरी होते, हे खरंच. शेजाऱ्यानं का सोसावं? त्याची भरपाई झालीच पाहिजे, चोरीची शिक्षाही व्हावी, पण पोत्यांच्या मापानं. हजेरी चुकली, पुन्हा नशा केली म्हणून त्या मापात भर घालणं मला मान्य नाही. नशा करणार नाही असं व्यसनी माणसाकडून लिहून घ्यायचं, म्हणजे दमेकऱ्याला खोकू नको सांगायचं.

हजेरी ठाण्याऐवजी सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत लावावी, असा अर्ज दिला आहे. तिथंही आला नाही तर? सरकारी वकिलांनी विचारलं. तर पुन्हा बोलवा, मी म्हटलं. आईला हे मुळीच पटलेलं नाही. तिला रात्री निर्धास्त झोपायचंय, घरातली भांडी जागेवर हवीत, आणि त्यावर माझ्याकडे कलम नाही.