शेजाऱ्याचा हेवा आणि ओसरीवरची गर्दी

ओनिडाचा सैतान आठवतो? डोक्याला शिंगं, मागे शेपूट, अंगात हिरवा वेष. शेजाऱ्याच्या पोटात दुखावं आणि मालकाची कॉलर ताठ व्हावी, एवढंच सांगून हा बाबा टीव्ही विकायचा. चित्र किती स्वच्छ, आवाज किती खणखणीत, हे सगळं नंतर. मुंबईच्या मिर्क इलेक्ट्रॉनिक्सने १९८१ साली सुरू केलेल्या या ब्रँडची ती जाहिरात अजून लोकांच्या तोंडी आहे. पण ती ज्याला सुचली, त्याच्या डोळ्यांपुढे फ्लॅट असणार: बंद दार, दारावर नावाची पाटी, भिंतीपलीकडे शेजारी. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात भरदिवसा दार लावून घेतलं, तर घरात कुणी आजारी आहे का म्हणून लोक विचारायला येतात. अशा ठिकाणी हेव्याचा धंदा कसा चालावा?

चालला, पण उलट्या बाजूने. गावात टीव्हीवाल्याचा मान किती लोक बघायला येतात यावर ठरायचा. ज्याच्या ओसरीवर गर्दी नाही, त्याचा संच बंद पडला असणार, असंच गाव धरून चालायचं.

मराठवाड्यात हे सगळं उशिरा आलं. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ला प्रक्षेपण सुरू झालं, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला. १९७५-७६च्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले, त्यात महाराष्ट्र नव्हताच. शेजारच्या गुलबर्ग्याकडच्या खेड्यांत हैदराबादच्या ईसीआयएलने बनवलेले संच आणि जाळीच्या मोठ्या छत्र्या पोहोचल्या, आपल्याकडे रेडिओच. १९८२ साली रंग आला, एशियाड आलं, १९८४ मध्ये लघुशक्ती प्रक्षेपकांचा सपाटा सुरू झाला, तेव्हा कुठे जिल्ह्याच्या गावांत दुकानांच्या काचेमागे संच मांडले गेले. त्यावर दिसायची मुख्यतः दिल्ली. परभणी आकाशवाणीची मराठी ऐकून मोठ्या झालेल्या घराने हौसेने विकत आणलेली वस्तू हिंदी बोलायची. एकेकाळच्या निजामाच्या मुलखात, उर्दू कानावर असल्याने, याचं कुणाला फार नवल वाटलं नाही.

टीव्ही नेमका विकला कुणी? कंपनीच्या जाहिरातीपेक्षा दुकानदाराने जास्त विकला, असं माझं मत आहे. हा दुकानदार बहुधा आधीचा रेडिओवाला. गिऱ्हाईक कोण, हे तो न विचारता ओळखायचा. जिल्हा परिषदेचा मास्तर असेल तर हप्ता, कारण पगार ठरलेल्या तारखेला येणार. शेतकरी असेल तर कापसाचं काय झालं, ही चौकशी आधी. सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीचा चेक वटला की बोलणं पुढे. आणि लग्नसराईत तर काही बोलावंच लागत नसे. पलंग, कपाट, गादी यांच्या यादीत टीव्ही कधी शिरला ते मुलीच्या बापालाच ठाऊक. हुंड्याने जेवढे संच खपवले, तेवढे कुठल्या सैतानाने खपवले असतील का, याची मला शंका आहे. जाहिरातीच्या इतिहासात मात्र त्या व्याह्यांचं नाव कुठे येत नाही.

तो संचही बघण्यासारखा होता. चार तिरक्या पायांवर उभी लाकडी पेटी, पुढे दोन बाजूंनी सरकत येणारं फळ्याफळ्यांचं शटर, मधोमध कुलूप. वर सासूने विणलेला क्रोशाचा रुमाल. किल्ली बहुतेक घरच्या कर्त्याच्या जानव्याला नाही तर करदोड्याला. अमेरिकेत युद्धानंतर घरात टीव्ही आला तेव्हा तिथल्या महिलांच्या मासिकांनी तो कोणत्या कोपऱ्यात ठेवावा यावर पानंच्या पानं छापली; लिन स्पिगेल या अभ्यासिकेने १९९२ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. आपल्याकडे कोपऱ्याचा प्रश्न नव्हता. संच मागच्या भिंतीला, तोंड दाराकडे, म्हणजे ओसरीवरच्याला दिसावं. उन्हाळ्यात तो सरळ अंगणातच यायचा.

आणि अँटेना. गाव प्रक्षेपकापासून जितकं लांब, तितका बांबू उंच. एक जण माळवदावर, एक दारात, एक पडद्यापुढे. “आलं काय रं?” “मुंग्याच हायत. अजून फिरव. हां, हां... गेलं! माघारी घे.” बूस्टर विकणाऱ्यांचं भलं झालं ते या संवादावर.

जाहिरातीतल्या कुटुंबाला जात नव्हती. ओसरीला होती. १९८७च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं, तेव्हा जाजमावर कोण, पायरीवर कोण आणि खिडकीचा गज धरून बाहेर कोण, हे कुणी सांगत नसे. गावाला ते आधीच पाठ होतं. म्हणून वस्तीतल्या एखाद्या नोकरदार पोराने पहिल्या पगारातून आणलेला चौदा इंची पोर्टेबल मला ओनिडाच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा मोठी घटना वाटते. चैनीची, दिखाऊपणाची वस्तू म्हणून टीव्हीवर तेव्हा बरीच टीका झाली, माझ्या पिढीच्या पुरोगाम्यांनीही केली. त्या टीकाकारांना कधी गज धरून उभं राहावं लागलं नव्हतं.

पुढे धूत कुटुंबाचा व्हिडिओकॉन आला. तोशिबाचं तंत्रज्ञान, पण कारखाना औरंगाबादजवळ चितेगावला, पैठण रस्त्यावर. जाहिरात जपानचा डौल मिरवायची आणि आमच्याकडचा माणूस हळूच म्हणायचा, “आपल्याकडलाच हाय, बिघडला तर पार्ट मिळतो.” या एका वाक्याने किती संच गेले असतील! तो कारखाना बांधणारी कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली.

नव्वदीच्या मध्यावर अकाईने ‘जुना द्या, नवा घ्या’चा धडाका लावला. शहरांत जमा झालेले जुने संच दुरुस्त होऊन लहान गावांच्या बाजारात उतरले आणि ओसरीवरची गर्दी घराघरांत विखुरली. शटरवाल्या पेटीत कुणी धान्याच्या पावत्या ठेवल्या, कुणी कोंबडी बसवली. मग भारनियमन आलं. मराठवाड्यात तासन् तास वीज नाही, आणि नेमका त्याच वेळी क्रिकेटचा सामना. रंगीत संच भिंतीला काळा ठिक्कर. बारा व्होल्टवर चालणारा लहान ब्लॅक अँड व्हाइट मात्र ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सुरू, आणि त्या अंगणात पुन्हा सारी आळी. तो संच एक्स्चेंजमध्ये द्यायला त्या घराने साफ नकार दिला, तर दुकानदाराने तरी काय म्हणावं?