हात थरथरले नाहीत म्हणून

व्हिएतनाम युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकी लष्कराच्या सात वैद्यकीय मदतनीसांना एक वेगळंच काम लावून दिलं होतं. चोवीस तासांची लघवी बाटल्यांत साठवायची आणि तपासणीला द्यायची. सातही जण हेलिकॉप्टर अँब्युलन्सवर होते. गोळीबार चालू असताना भातखाचरात उतरायचं, जखमींना आत ओढून घ्यायचं, उडत्या हेलिकॉप्टरमध्ये रक्त थांबवायचं, सलाईन लावायचं, इस्पितळात पोचवून पुन्हा निघायचं. हेलिकॉप्टरवर रेड क्रॉस ठसठशीत रंगवलेला असे, पण गोळ्या त्याला जुमानत नसत. या सेवेचा पायंडा पाडणारे मेजर चार्ल्स केली 1 जुलै 1964 रोजी जखमींना उचलायला गेले असतानाच गोळी लागून मारले गेले.

तपासणारे होते पीटर बोर्न, लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेचे मानसोपचारतज्ज्ञ. माणूस ताणाखाली आला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि त्याचा माग लघवीत सापडतो. उड्डाणाच्या दिवशी हे प्रमाण चढेल, तळावर बसून काढलेल्या दिवशी उतरेल, असा साधा अंदाज होता. तो चुकला. दोन्ही प्रकारच्या दिवसांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. उलट या माणसांच्या वजनाच्या मानानं जेवढं प्रमाण अपेक्षित होतं, त्याहून ते कमीच भरलं. बोर्न यांनी रॉबर्ट रोझ आणि जॉन मेसन यांच्यासोबत 1967 साली हे प्रसिद्ध केलं.

आकड्यांपेक्षा मला त्यांचं स्पष्टीकरण अधिक मोलाचं वाटतं. यातल्या प्रत्येकानं मनाशी काहीतरी तटबंदी रचली होती. कुणी देवावर भार टाकला होता. कुणी आपण मरण्याची शक्यता किती थोडी आहे याचा हिशेब मांडला होता. कुणाला आपल्याला काही होणारच नाही याची आतून खात्री होती. आणि सगळ्यांच्याच हाताला काम होतं, त्याचं फळ लगेच डोळ्यांसमोर दिसत होतं. उचललेला जखमी जिवंत पोचला, यासारखा दिलासा रणांगणावर दुसरा नसतो. महापुरात, आगीत, बाळंतिणीच्या खाटेपाशी ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. करण्यासारखं काही असतं तोवर भीती मागच्या रांगेत बसते. हा धीर नाटकी नव्हता. शरीरानंच त्याची साक्ष दिली होती.

पुढच्या वर्षी याच मंडळींचा दुसरा निबंध आला. डोंगराळ भागातल्या एका छावणीवर हल्ला होणार अशी खबर होती आणि तिथल्या बारा जणांच्या तुकडीची अशीच तपासणी झाली होती. हल्ला अपेक्षित असलेल्या दिवशी साध्या सैनिकांचं प्रमाण उतरलं. ते खंदक खोदत होते, शस्त्रं तपासत होते. चढलं ते अधिकाऱ्यांचं. वरून येणारे हुकूम एका बाजूला, वयानं आणि अनुभवानं मोठे असलेले हाताखालचे लोक दुसऱ्या बाजूला, आणि निर्णय मात्र यांचा. तो हल्ला झालाच नाही. गोळीच्या भीतीहून निर्णयाचं ओझं शरीराला जास्त जड जातं, एवढं त्या बाटल्यांनी सांगितलं.

इथवरचं सगळं मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो ही तपासणी जिथं थांबली त्याला. माणूस काम करू शकतो का, हा लष्कराचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर ‘हो’ असं मिळालं. पण त्याला हे काम कितीला पडलं, हा प्रश्न त्या माणसाचा असतो. तो तपासणीच्या काही आठवड्यांत सुटत नाही. व्हिएतनाममध्ये मानसिक कारणानं आघाडीवरून हलवाव्या लागणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या महायुद्धाच्या तुलनेत बरंच कमी होतं. वर्षभराची ठरीव नेमणूक आणि आघाडीजवळच तातडीचे उपचार या पद्धतीचं हे यश, असं तेव्हा मानलं गेलं. हिशेब पुढं आला. तोही आघाडीवर नाही, घरी.

परिचारिकांचं पाहा. व्हिएतनाममध्ये सुमारे 11,000 अमेरिकी लष्करी स्त्रिया होत्या, त्यांतल्या बहुतेक परिचारिका आणि पुष्कळशा विशीतल्या. जखमींचा लोंढा आला की कुणाला आधी आत घ्यायचं ते ठरवावं लागे. वाचण्याची आशा नसलेल्यांना बाजूला ठेवावं लागे आणि त्यांच्यापाशी कुणीतरी बसावं लागे. लिंडा व्हॅन डेव्हँटर ही प्लेकूच्या इस्पितळातली परिचारिका. तिनं 1983 साली आपली कहाणी पुस्तकरूपानं मांडली. काम केलं तेव्हा ती मोडली नव्हती. मोडली ती परतल्यावर. आघातोत्तर ताणविकाराला अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत 1980 सालीच जागा मिळाली होती. नंतर अमेरिकी काँग्रेसच्या आदेशावरून झालेल्या मोठ्या पाहणीत व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 27 टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार जडल्याचं आढळलं. पुरुषांचा आकडा त्याहून थोडा जास्त होता. तो पुढच्या फेरतपासणीत बराच खाली आला. खाली येऊनही तो थोडा नव्हता.

आणि 1986 साली त्याच जॉन मेसन यांनी या विकारानं इस्पितळात दाखल झालेल्या माजी सैनिकांचं कॉर्टिसॉल मोजलं, तेव्हा ते अनपेक्षितपणे कमी निघालं. ही ती सात माणसं नव्हती, तपासणीची रीतही तीच नव्हती, त्यामुळं दोन्हींमध्ये सरळ रेघ ओढता येत नाही. पण कमी आकडा म्हणजे सुखरूप माणूस, एवढं समीकरण तरी त्यानंतर टिकत नाही.

कामातला धीर मिरवायचा आणि त्याची किंमत विसरायची, या बाबतीत आपण मराठी माणसंही फार वेगळे नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथल्या 1940 च्या एका लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवी. त्यांना अपस्माराचे झटके येत होते, तरी काम सुटलं नाही, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी ते गेले, हे मात्र आपण त्यागाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. त्यांच्याइतकं झिजायला निघालेल्या माणसाला थांबवण्याचा अधिकार कुणाकडे असावा, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

बोर्न युद्धावरून परतले आणि युद्धविरोधी माजी सैनिकांच्या चळवळीत सामील झाले. मोजणाराही कोरडा राहिला नव्हता.

म्हणून युद्धात किंवा आपत्तीत वैद्यकीय पथकं धाडणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. पथक कामावर असताना तपासा, पण वर्षानं, पाच वर्षांनी, दहा वर्षांनीही त्या माणसांच्या घरी जा. ज्याच्या शेऱ्यावर बढती किंवा रजा अवलंबून असते, त्याच्यापुढं कुणी आपली झोप उडाल्याचं कबूल करत नाही. तेव्हा जाणारा माणूस त्यांच्या वरिष्ठांना अहवाल देणारा नसावा.