माळेगावला अडलेली पद्मिनी

नांदेडहून लातूरकडे निघालेली जुनी प्रीमियर पद्मिनी मे महिन्याच्या दुपारी, पारा 42 च्या वर असताना, माळेगावपर्यंत विनातक्रार येते. चालक खंडोबाच्या दर्शनाला जातो, परतल्यावर चावी फिरवतो. स्टार्टर फिरतो, इंजिन काही धरत नाही. कुणी नारळ फोडायला सांगतं. नारळ फुटतो, बॉनेटला भंडारा लागतो आणि अर्ध्या तासानं गाडी सुरू होते. कशामुळे?

न्यायदर्शनानं या प्रश्नावर शतकानुशतकं डोकं चालवलं आहे. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेदा’त ‘अन्यथासिद्ध’ गोष्टींचा विचार येतो. माती वाहून आणणारं गाढव घडा घडताना हजर असेलही, पण त्याच्यावाचूनही घडा होतो. म्हणून ते घड्याचं कारण नव्हे.

पद्मिनीचा पेट्रोलपंप इंजिनालाच बसवलेला असतो. गाडी धावताना वारा आणि वाहतं पेट्रोल त्याला थंड ठेवतात. गाडी थांबली की दोन्ही बंद होतात आणि इंजिनाची धग पंपात शिरते. पेट्रोलमधले हलके घटक चाळीसेक अंशांनाच उकळू लागतात. त्यांची वाफ नळीत अडते, पंप पेट्रोल ओढू शकत नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘एअर धरलाय.’ पण संशयित एवढाच नाही. तापलेली कॉइलही ठिणगी मंद करते, आणि अर्ध्या तासात पंप निवतो तशी तीही निवते.

नुसतं थांबून म्हणूनच काही सिद्ध होत नाही. त्या अर्ध्या तासात नारळ, पंप आणि कॉइल एकत्रच असतात. त्यांना वेगळं करावं लागतं. आधी प्लगची वायर काढून ठिणगी बघायची. ती निळी, कडक पडत असेल तर फक्त पंपावर ओलं फडकं ठेवायचं, बाकी सगळं तसंच तापलेलं राहू द्यायचं. पाच मिनिटांत इंजिन धरलं आणि फडक्यावाचून दर वेळी अडलं, तर कारण सापडलं. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक तो हाच.

लातूरकरांना ‘कशामुळे?’ या प्रश्नाचं मोल वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जड भिंतींखाली. दैवी कोपापाशी विचार थांबला असता, तर पुन्हा तशाच भिंती उभ्या राहिल्या असत्या.

यात खंडोबाचा काही उणेपणा नाही. सुखरूप पोचल्याबद्दल देवाचे आभार मानणं वेगळं आणि पंप देवानं थंड केला म्हणणं वेगळं. पहिलं भक्ताचा हक्क आहे, दुसरं तपासण्याजोगं विधान आहे आणि ते टिकत नाही. तेव्हा उन्हाळ्यात जुनी गाडी काढणाऱ्यांनी डिकीत पाण्याची बाटली आणि सुती फडकं ठेवावं. अडलीच, तर ठिणगी तपासून पंप निववावा आणि मग निवांत दर्शनाला जावं.